अभिप्राय लिहिणारी बाई

त्या ऑफिसात चार माणसं होती. एक रंग बघायचा, एक बटणं चालतात का ते बघायचा, मालक काहीच बघायचा नाही आणि चौथी ही. मालक हिला चारचौघांत 'कंटेंट हेड' म्हणायचा, बाकीचे दोघे मजकूरवाली म्हणायचे. हिच्या हाताखाली चिटपाखरू नव्हतं, त्यामुळे आपण हेड नक्की कुणाच्या, हे तिलाही अकरा वर्षांत कळलं नव्हतं.

काम छोट्या दुकानदारांच्या वेबसाइट बनवण्याचं. चावीवाला, पडदे शिवणारी, गाद्या भरणारा, कवळ्या बनवणारा, सगळ्यांना साचा एकच. वर फिरतं चित्र, खाली तीन गोल, गोलांत 'गुणवत्ता', 'विश्वास' आणि 'सेवा'. एकदा झुरळं मारणाऱ्याच्या पानावर चुकून पाळणाघराचा मजकूर गेला. 'इथे प्रत्येक जीव मायेने वाढवला जातो.' नऊ दिवस ते तसंच होतं. कुणाच्या लक्षात आलं नाही. खुद्द झुरळवाल्यानेही वाचलं नव्हतं. त्या दिवसापासून मजकूरवालीच्या मनात वाचणाऱ्यांविषयी, लिहून घेणाऱ्यांविषयी आणि लिहिणारीविषयी सारखाच तुच्छभाव बसला.

मालकाचं नाव ऑफिसात कुणी घेत नसे. त्याला वादळ म्हणत, कारण येणाऱ्या प्रत्येकाला तो सांगायचा, "बाजारात तुमचं वादळ आणू." या गृहस्थाने आधी पाण्याची यंत्रं विकली होती, मग फोटोच्या चौकटी, मग एक व्यायामशाळा काढली होती. तिन्ही बुडाली. ज्याला स्वतःचं एक दुकान धड उभं ठेवता आलं नाही तो आता दर महिन्याला एक हॉल घेऊन शंभर दुकानदारांना धंदा शिकवायचा. उंटावरून शेळ्या हाकायच्या तर निदान उंट तरी स्वतःचा असावा लागतो. याचा तोही उसना. "वस्तू विकू नका, गोष्ट विका," असं तो म्हणाला की पंख्याखाली बसलेले बापडे दुकानदार वह्या उघडून लिहून घ्यायचे. मजकूरवाली दाराशी उभी राहून नावनोंदणीचे कागद गोळा करायची आणि मनात म्हणायची, लिहा, लिहा. गाढवाला गुळाची चव नाही म्हणतात, पण इथे गूळसुद्धा नाही.

मग ती तिथे राहिली कशाला? घरापासून दहा मिनिटांवर ऑफिस होतं, काम डोळे मिटून होत होतं, आणि तिरस्कार करायला कुणी पगार देत नसलं तरी पगार घेता घेता तिरस्कार करता येतो, हे तिला लवकर उमगलं होतं.

घरी ती आणि बाबा. बाबांनी चौतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली होती. आता डोळे अधू झाले होते, तरी भिंग घेऊन ते लेकीचं एखादं पान वाचायचेच. वाचून झालं की भिंग पुसत म्हणायचे, "चूक एकही नाही. चूक व्हायला आत काहीतरी असावं लागतं."

"तुम्हाला नाही कळायचं बाबा. हल्ली असंच लिहितात."

"असेल. आम्ही रेल्वेचं वेळापत्रक तपासायचो, त्यात तरी माणसं कुठून कुठे जायची."

एका सकाळी वादळाच्या व्याख्यानाला भुलून एक म्हातारी ऑफिसात आली. केसांचे टोप बनवायची. साठीच्या पुढची, हातात कापडी पिशवी, बोटांना सुयांचे घट्टे. सगळे तिला काकू म्हणू लागले. काकूंची मागणी एवढीशी होती.

"माझं दुकान सापडत नाही लोकांना," त्या म्हणाल्या. "आजारपणात केस गेलेल्या बायका येतात माझ्याकडे. त्यांना नाक्यावर चार जणांना विचारावं लागतं, टोपवाली कुठे राहते म्हणून. विचारताना मेल्याहून मेल्यासारखं होतं त्यांना. काहीजणी तिथूनच परत जातात. फोनवर दिसेल असं काहीतरी करा. मागच्या गल्लीतून कसं यायचं, एवढंच."

अकरा वर्षांत या ऑफिसात कुणी इतकी शहाणी मागणी केली नव्हती. वादळाने ती कानाआड केली.

"काकू, पत्ता काय, कुणीही देतो. आपण गोष्ट देऊ. आधीचा फोटो, नंतरचा फोटो. आधी टक्कल, नंतर..."

"फोटो नाही," काकू म्हणाल्या. "कुणाला कळू नये म्हणून तर येतात त्या."

"बरं, मग अभिप्राय. अभिप्रायांशिवाय धंदा म्हणजे तोंडाशिवाय चेहरा. आमच्या मॅडम येतील, बघतील, लिहितील."

अभिप्राय लिहिणं हे मॅडमचं रोजचंच काम होतं. 'अतिशय समाधानी', 'घरच्यासारखी वागणूक', 'पुन्हा नक्की येईन', खाली एखादं बनावट नाव आणि पाच तारे. जन्मात कधी कवळी न लावलेल्या या बाईने कवळीवाल्यासाठी एकोणीस जणांचा आनंद लिहून दिला होता.

ती काकूंकडे गेली आणि दुपारपर्यंत स्टुलावर बसून राहिली. खोली लहान, खिडकीशी लाकडी डोकी ओळीने मांडलेली. बारीक जाळीवर काकू आकड्याच्या सुईने एकेक केस गाठ मारून बसवत होत्या. आरशावर पांढरं कापड टाकलेलं होतं. तिने विचारलं तेव्हा काकू म्हणाल्या, "ज्याला बघायचंय त्याने स्वतःच्या हाताने काढायचं. मी कुणाला आरसा दाखवत नाही."

तेवढ्यात मागच्या दारातून एक शिक्षिका आली. डोक्याला घट्ट रुमाल. गणित शिकवायची, चार महिन्यांच्या रजेनंतर सोमवारी शाळेत जायचं होतं. टोप डोक्यावर चढवून काकू मागून ओढून बघत होत्या तेव्हा ती हळूच म्हणाली, "पुढून कुणी बघितलं तर मी सांभाळून घेईन. पण फळ्यावर लिहायचं म्हणजे वर्गाकडे पाठ करावी लागते. पाठ केली की मागे चाळीस जण काय बघतायत ते मला दिसत नाही."

काकूंनी मागची शिवण उसवली आणि अर्धा तास खपून पुन्हा बसवली. मग शिक्षिकेने स्वतःच आरशावरचं कापड काढलं.

मजकूरवाली ऑफिसात परतली ती घाईघाईनेच. बसल्या बैठकीला तिने लिहिलं, 'आता मी वर्गाकडे निर्धास्तपणे पाठ करते.' खाली लिहिलं, 'एक शिक्षिका.' दोनदा वाचलं. अंगावर काटा आला. अकरा वर्षांत लिहिलेलं हे पहिलं जिवंत वाक्य, आणि ते दुसरीच्या तोंडून उचललेलं, याची बोच तिला लागली नाही असं नाही. पण ती तिने कौतुकाखाली दाबली. संध्याकाळी बाबांनी भिंग धरून वाचलं आणि मान वर केली.

"हे कुणाचं?"

"माझंच," ती म्हणाली.

वादळाला वाक्य भलतंच आवडलं. त्याने 'एक शिक्षिका' खोडून 'गणिताच्या शिक्षिका' केलं, बाजूला कुठल्या तरी हसऱ्या बाईचा उसना फोटो डकवला, आणि त्या भागातल्या जेवढ्या फोनांवर जाहिरात पोचेल तेवढ्यांवर पोचवली. काकूंचा पत्ता पानाच्या तळाशी, मुंगीच्या अक्षरात. मागच्या गल्लीचा उल्लेखच नाही.

त्या भागात शाळा दोनच. चार महिने रजेवर जाऊन आलेली गणिताची शिक्षिका एकच.

आठव्या दिवशी ती ऑफिसात आली. डोक्यावर टोप नीट बसलेला, आवाजही बसलेला. तिने फोन टेबलावर ठेवला. एका विद्यार्थिनीच्या आईने जाहिरात पाठवली होती, खाली लिहिलं होतं, 'मॅडम, हे तुमच्याबद्दल ना? किती धीराच्या आहात!'

"हे कुणी लिहिलं?"

वादळ लगबगीने पुढे आला. "ताई, बसा ना. हा प्रातिनिधिक अभिप्राय आहे. म्हणजे काल्पनिक."

"काल्पनिक? मग माझं वाक्य तुमच्या कल्पनेत कसं शिरलं?"

दुसऱ्या कुणाला त्या क्षणी लाज वाटली असती. वादळाला कल्पना सुचली. त्याचे डोळे चमकले.

"ताई, खरं सांगू? झालं ते चांगल्यासाठीच झालं. आता कळलंच आहे सगळ्यांना, तर एक छोटासा व्हिडिओ करू. दोन मिनिटांचा. तुम्ही प्रेरणा आहात. तुम्ही टोप काढताय, मग घालताय..."

मजकूरवालीने पाहिलं की बटणं बघणारा मान खाली घालून नसलेलं बटण शोधतोय. आजवर तिने या माणसाला मनात हजार वेळा नालायक ठरवलं होतं, आणि दर खेपेला स्वतःला त्यातून वगळलं होतं. या खेपेला वगळता येईना. ती उठली.

"मी लिहिलं," ती म्हणाली. "तुमच्याकडून ऐकून."

शिक्षिका तिच्याकडे बघत राहिली. मग तिने ओळखलं.

"तुम्ही त्या दिवशी स्टुलावर होतात. मला वाटलं, तुम्हीही टोपासाठीच आलायत. म्हणून मी बोलले. नाहीतर काकूंसमोरही बोलले नसते."

शिक्षिकेने फोन उचलला आणि ती निघून गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं, असं मजकूरवालीला वाटलं.

ती खुर्चीत बसली आणि तो अभिप्राय तिने पुसला. वादळ धावत आला. "अहो, काय करताय! सगळ्यात जास्त बघितलेलं पान आहे ते!" तिने त्याच्या खालचाही पुसला. मग कवळीवाल्याचे एकोणीस. मग पडदेवालीचे, गादीवाल्याचे, चावीवाल्याचे. एकशे चाळीस दुकानांचे अभिप्राय तिला दोन तास पुरले. वादळ मागे उभा राहून आधी ओरडला, मग विनवू लागला, मग हसला. "पुसा. प्रत असेल ना जपून ठेवलेली." रंगवाल्याने नकारार्थी मान हलवली. 'रोज प्रत काढून ठेवा' हा वादळाच्या व्याख्यानातला सातवा मंत्र होता. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. प्रत नव्हती.

तिची नोकरी तिथेच संपली. एवढं सगळं झालं आणि एकशे चाळीसपैकी एकाही दुकानदाराचा फोन आला नाही. आपल्या पानावरून शेकडो समाधानी माणसं एका दुपारी नाहीशी झाली, हे कुणाच्या गावीही नव्हतं.

घरी तिने बाबांना सांगितलं, ते वाक्य माझं नव्हतं. बाबा म्हणाले, "ते मला तेव्हाच कळलं होतं." मग थोड्या वेळाने म्हणाले, "विचारलं तेव्हा खरं सांगतेस का, एवढंच बघत होतो."

दुसऱ्या दिवशी ती काकूंकडे गेली. काकूंनी बस म्हटलं नाही.

"ती येऊन गेली माझ्याकडे," काकू म्हणाल्या. "मला वाटेल तसं बोलली. बोलू दे, माझंच चुकलं, तुला आत घेतलं. शाळेत जाते अजून. वर्गात पोरं काय करतात ते विचारलं मी, सांगितलं नाही तिने."

"मी त्यांची माफी मागायला जाऊ का?"

"कशाला? तुला बरं वाटावं म्हणून? तिच्या दारात आणखी एक माणूस उभं करू नकोस." काकूंनी सुईत डोळे घातले. "माफीचं तुझं तू बघ. मी जे मागितलं होतं ते अजून कुणी दिलेलं नाही. तेवढं लिही."

ती मागच्या गल्लीत जाऊन आली, पावलं मोजली, आणि उभ्याउभ्याच लिहिलं. 'औषधांच्या दुकानाच्या शेजारच्या बोळात शिरा. डाव्या हाताला तिसरं दार, हिरवं. बेल नाही, दोनदा वाजवा. आत एका वेळी एकच जण असतं. फोन केलात तर नाव सांगायची गरज नाही. टोप बनायला पाच आठवडे लागतात. घाई असेल तर तयार असतो तो बसवून देतो.' चित्र नाही, तारे नाहीत. काकूंनी एकच बदल सांगितला, "एक पायरी आहे, ती लिही. अशक्त असतात, ठेचकाळतात." तिने पायरी लिहिली.

दोन महिन्यांनी काकू म्हणाल्या की आता बायका नाक्यावर न थांबता थेट येतात. किती येतात ते त्यांनी सांगितलं नाही आणि हिने विचारलं नाही.

ऐकून ऐकून आणखी काही जण तिच्याकडे येऊ लागले. ती जेवणाच्या टेबलावर बसून लिहायची आणि प्रत्येकाला एकच प्रश्न करायची, लोक तुम्हाला रोज काय विचारतात? त्याचं उत्तर पानावर टाकायची, बस्स. वादळाविषयी कानावर येई: तो आता व्याख्यानात 'संकटातून संधी' म्हणून हीच हकीगत सांगतो, आणि त्यात अभिप्राय पुसणारा धाडसी माणूस तो स्वतःच असतो. लोक टाळ्या वाजवतात.

परवा एक चष्मे दुरुस्त करणारा आला. त्याने आपला फोटो आणला होता, कोट घालून, एका लांबलचक मोटारीला टेकून उभा.

"हा वर मोठा पाहिजे," तो म्हणाला.

"मोटार कुणाची?"

"फोटोवाल्याची."

"लोक तुम्हाला रोज काय विचारतात?"

"विचारतात, दांडी तुटली तर लगेच होईल का. पण ते काय लिहायचं? ते तर मी तोंडानेच सांगतो."

तिने त्याला पाऊण तास समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी त्याने फोटो पाकिटात घातला आणि म्हणाला, "बाई, तुम्हाला धंद्यातलं कळत नाही." तो तडक वादळाकडे गेला असणार, असले सगळे तिकडेच जातात. जिना उतरताना त्याने नाकावरचा चष्मा सावरला. त्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली होती.