जावयानं घासलेलं ताट

लग्नाआधी मी आमच्या संघटनेसाठी एक पत्रक लिहिलं होतं आणि शिरूरच्या एसटी स्टँडवर, बाजारात उभी राहून स्वतः वाटलं होतं. मथळा होता, ‘ज्यानं खाल्लं, त्यानं घासावं’. खाली बारीक अक्षरात, मोरीपुढं उकिडवं बसून बाईचं आयुष्य कसं सरतं, ते सगळं. बाजारात एका मेथीवाल्या मावशीनं ते उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, "आन् तुझ्या घरी तुझा बाप घासतो का गं?"

"त्यांच्याशीच तर भांडण आहे माझं," मी ठोकून दिलं.

खोटं होतं ते. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, जेवण झालं की ताटातच हात धुवायचे आणि उठून जायचे. ताट तिथंच. आई उचलायची, नाहीतर मी. यावरून मी त्यांच्याशी एकदाही भांडले नव्हते.

भांडण झालं ते लग्नावरून. आम्ही माळी, शिरूरच्या बाहेर आमची झेंडू-शेवंतीची शेती. नवरा दौंड तालुक्यातला, खुटबावचा, धनगराचा. कुरकुंभला केमिकल कंपनीत शिफ्टमध्ये काम करतो. कामगारांच्या एका बैठकीत ओळख झाली. आप्पा लग्नाला आले नाहीत आणि आईला येऊ दिलं नाही.

सासरी पहिल्याच दिवशी धक्का बसला. दुपारची जेवणं झाली आणि सासरे आपलं ताट घेऊन उठले. मागच्या दारी कडुलिंबाखाली गेले, राखेच्या डब्यात हात घातला आणि बसून घासायला लागले. मागोमाग दीर. मागोमाग माझा नवरा. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं. माझं अख्खं पत्रक कडुलिंबाखाली उकिडवं बसलं होतं आणि त्यातल्या एकानंही ते वाचलेलं नव्हतं! मला ओरडावंसं वाटलं आनंदानं.

मग लक्षात आलं, पाणी कुठंय?

पाणी नव्हतं. कोरडी राख आणि काथ्याचा बोळा. ताट कडेकडेनं घासून झालं की राख झटकायची, तांब्यातलं ओंजळभर पाणी त्यात फिरवायचं, तेच पाणी पुढच्या ताटात ओतायचं, मग फडक्यानं पुसून ताट फळीवर. पाच ताटांना एक तांब्या! घरामागं कॅनॉल वाहतोय, उसात गुडघाभर पाणी आहे, आणि भांड्यांना तांब्याभर? आमच्याकडं साबणाचा फेस, वर नळाची धार, तीनदा विसळणं. विसळलेल्या ताटावर बोट फिरवलं की करकर वाजलं पाहिजे, हा आईचा नियम. मी लहानपणी त्या करकरीसाठी मार खाल्लाय.

चार दिवस मी गप्प जेवले. पाचव्या दिवशी सासूबाई शेरडं घेऊन कॅनॉलकडं गेल्या, तेव्हा मी बॅगेतून भांड्यांच्या साबणाची बाटली काढली आणि फळीवरची सगळी भांडी खाली घेऊन पुन्हा धुतली. फेस पार दारापर्यंत गेला. सासूबाई, मी त्यांना आत्या म्हणते, लवकर परतल्या. दारात थांबल्या. फेसाकडं पाहिलं, ताटांच्या ढिगाकडं पाहिलं.

"आमच्या हातचं चालत न्हाई व्हय तुला?"

हा प्रश्न मी लोकांना विचारायचे! पाण्यावरून, ताटावरून माणसांना दूर ठेवणाऱ्यांना, जाहीरपणे, मोठ्या टायपात. आणि तो आता मलाच विचारला जात होता. माझ्या तोंडातून आलं काय, तर "तसं नाही आत्या, जंतू असतात."

"असत्याल की," त्या म्हणाल्या. "आमच्यातलं कोण मेलं न्हाई अजून त्येनं. तुझं तू बघ बाई."

त्यांनी रागावून चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. त्या शेरडांना चारा टाकायला निघून गेल्या. मला त्यांची माफी मागायला दोन दिवस लागले, आणि मागितली तेव्हा त्या हसल्या. मग त्यांनी सांगितलं. त्यांची उमर मेंढरांमागं गेली. दिवाळी झाली की कोकणात उतरायचं, पावसाच्या आधी परत. आज इथं तळ, उद्या तिथं. पाणी हंड्यानं मोजून. पहाटे तळ हलवायचा तर सगळी भांडी घोड्यावर लादायची, कुणाच्या उष्ट्या ताटासाठी थांबायला वेळ कुणाला? बाप्या असो, बाई असो, ज्यानं त्यानं आपलं ताट घासून आणून द्यायचं.

"पाव्हण्याचं ताट तेवढं पडून ऱ्हातं," आत्या म्हणाल्या. "घरचं माणूस आपलं आपण घासून लावतं. तू पहिल्या दिवशी ताट ठिवून उठलीस, तवा मी म्हणलं, पोरगी अजून पाव्हणीच हाय."

म्हणजे मी, ‘ज्यानं खाल्लं, त्यानं घासावं’ची लेखिका, पहिल्या दिवशी त्या पुरुषांचं कौतुक बघत माझं स्वतःचं ताट तसंच सोडून उठले होते. माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. ते घासलं होतं आत्यांनी.

त्यानंतर मी राखेनं घासायला शिकले. घासायच्या आधी राख चाळावी लागते, खडा राहिला तर चरे पडतात, हेही शिकले.

लग्नाला दीड वर्ष होऊन गेलं आणि अधिक महिना आला. अधिकात जावयाला धोंड्याचं जेवण घालतात, पाट-रांगोळी करून, अनारसे देऊन. आईनं काय सांगून आप्पांना वळवलं कोण जाणे, पण फोन आला, जावयाला घेऊन ये म्हणून. आप्पांनी त्याला एकदा घरचा म्हटलं की झालं, एवढंच मला हवं होतं. मी रस्ताभर त्याला सूचना देत होते. हे बोलू नको, ते बोलू नको. ताटाचं सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नाही.

घरी भावकी जमली होती. मावशी, चुलते, शेजारच्या दोन काकू. जेवण छान झालं. आप्पा त्याच्याशी थेट बोलत नव्हते, आईला म्हणायचे, "जावयबापूंना तूप वाढ." पण वाढ म्हणत होते. मी मनातल्या मनात जिंकले होते.

आणि हा उठला. हातात ताट. दोन ढांगांत अंगणात. इकडं राख नाही, म्हणून त्यानं शेवंतीच्या वाफ्यातली मूठभर माती घेतली आणि ताटात टाकली.

"अगं बाई!" आई किंचाळली. "अधिकाच्या ताटात माती!"

सगळं घर दारात गोळा. मावशीनं पदर तोंडाला लावला. "पोरीनं चांगलंच वळण लावलंय की गं!"

चुलते म्हणाले, "काय जावयबापू, कंपनीत भांड्यांच्या खात्यात असता का काय?"

लोक हसले. तोही हसला. "न्हाई मामा, सवय हाय घरची." आणि घासतच राहिला.

आप्पा हसले नाहीत. "आमच्यात जावयाला भांडी घासाया लावत न्हाईत," ते आईकडं बघत म्हणाले. "लोकांनी बघावं म्हणून चाललंय का हे?"

त्या क्षणी मी काय करायला हवं होतं? दारात उभं राहून सांगायला हवं होतं की हाच माणूस बरोबर आहे, तुम्ही सगळे चूक आहात. बाजारात अनोळखी बायांना सांगते तसं. मी काय केलं? मी धावत गेले आणि त्याच्या हातातलं ताट हिसकावलं.

"अहो, ठेवा ना ते! लोक काय म्हणतील!"

घरी आम्ही एकमेकांना अरे-तुरे करतो. त्याच्या मातीनं भरलेल्या हातांकडं न बघता मी ताट आईला दिलं. आईनं ते साबणानं धुतलं. तीनदा विसळलं.

परतीच्या वाटेवर न्हावऱ्याला पोचलो. तिथं चहाला थांबलो. कपातला चहा संपल्यावर म्हणाला, "मी ताट ठिवून उठलो असतो तर पाव्हणाच ऱ्हायलो असतो. वाटलं, आज घरचं व्हावं."

मी टेबलावर सांडलेला चहा बोटानं पुसत राहिले.

"एक इचारू? तुझी ती पत्रकं कुणासाठी असत्यात गं?"

चिडून विचारलं असतं तर मी भांडले असते. त्यानं खरंच विचारलं होतं. नंतर कित्येक दिवस मी संघटनेत पत्रक लिहायला बसले की तो प्रश्न कागदावर यायचा. शिरूरला तो पुन्हा आला नाही. मी दोनदा एकटी गेले. दोन्ही वेळा आप्पांचं ताट मी उचललं.

दसऱ्याच्या तोंडावर झेंडूची तोडणी निघाली आणि मजूर मिळेनात. आईचा फोन आला तेव्हा तो शेजारीच होता. "जाऊ की," म्हणाला. रात्रपाळी करून आला होता, आंघोळ करून गाडीला किक मारली. मळ्यात पोचल्यावर आप्पा म्हणाले, "जावयबापू, सावलीला बसा." तो सरीत शिरला आणि तोडायला लागला. जावयाला आमच्यात काम सांगत नाहीत, पण घेतलेलं काम काढूनही घेता येईना, कारण टेम्पो दुपारी यायचा होता.

जेवण बांधावरच झालं. भाकरी, ठेचा, वांग्याचं कालवण. लाईट गेलेली, त्यामुळं मोटर बंद, आणि प्यायच्या कॅनमध्ये तळाशी थोडं पाणी. आईनं ताटांकडं पाहिलं, कॅनकडं पाहिलं. ताटं तशीच घरी नेऊ म्हणाली.

"पाणी ऱ्हाऊ द्या प्यायला," तो म्हणाला. आपलं ताट घेऊन बांधाच्या कडेला बसला, वरची ढेकळं बाजूला सारून खालची बारीक माती घेतली. मीही माझं ताट घेऊन त्याच्या शेजारी बसले. आई बघत होती. त्यानं झटकून, फडक्यानं पुसून ताट खाली ठेवलं, तेव्हा तिनं ते उचललं आणि त्यावरून बोट फिरवलं. करकर वाजलं.

तिनं ताट उन्हाकडं धरून पाहिलं. मग म्हणाली, "राख बरी का माती?"

"स्टीलला राखच. माती आपली अडीनडीला."

"साबण नकोच म्हणा की."

"साबणाला पाणी लागतं, मामी."

आप्पा लांबून बघत होते. "झालं का घासून?" ते ओरडले. आता आईच्या मार्फत नव्हे, थेट त्यालाच. "मग ती क्रेटं उचल चल, टेम्पो यायची येळ झाली."

तो माझ्याकडं बघून हसला आणि पळत गेला. दोघांनी मिळून पहिलं क्रेट उचललं. एवढ्यासाठी दोन वर्षं गेली होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू.

मग खाली पाहिलं. आप्पांचं ताट बांधावर तसंच पडलं होतं. पाण्याची एवढी टंचाई, तरी त्यांनी त्यात हात धुतले होते. कालवणाचं लाल पाणी, त्यात भाकरीचा तुकडा तरंगतोय.

"आप्पा," मी हाक मारली, "तुमचं ताट राहिलं."

"मग?"

"घासायचं राहिलं तुमचं."

क्रेट हातात धरून ते थांबले. नवराही थांबला. "तुझी आई हाय की तिथं," आप्पा म्हणाले. रागानं नाही. ऊन आहे, सावली आहे, तशी आई आहे.

आईचा हात ताटाकडं गेलाच होता. मी तिचं मनगट धरलं. तिनं माझ्याकडं पाहिलं, अगदी तसंच, जसं अधिकाच्या ताटात माती पडली तेव्हा तिनं माझ्या नवऱ्याकडं पाहिलं होतं.

"सोड," ती हळूच म्हणाली. "बघतायत ते."

मी सोडलं नाही.