तपासणीपुरती मदतनीस

"तू जरा बाजूला हो गं. फ्रेममध्ये फक्त कॅनेडियन स्टाफ हवाय."

मेधा मॅडम मराठीत म्हणाल्या. बाकी सगळ्यांशी इंग्रजी, अपमान तेवढा मातृभाषेत.

गल्फमधल्या आमच्या कॅनेडियन शाळेच्या हॉलमध्ये फ्लॅग डे, कॅनडाच्या झेंड्याचा दिवस, चालला होता. लाल-पांढरे फुगे, स्टेजवर त्यांचा पानाचा झेंडा, सगळ्या टीचर लाल टी-शर्टात. मीही लाल टी-शर्टात. तो शाळेनंच दिलेला, घालणं कंपल्सरी. मी ओळीच्या अगदी टोकाला उभी होते. मेधा मॅडमनी दंडाला धरून मला बाहेर काढलं आणि स्वतःचा फोन माझ्या हातात ठेवला.

"तूच काढ ना फोटो. तुझा हात स्थिर आहे."

काढला. वर "स्माइल" असंही म्हणाले मी. खाली जमिनीवर ग्रेड थ्रीची मुलं मांडी घालून बसली होती, माझ्या वर्गातली. त्यांतच माझी यशोधरा. ती फोटोकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.

मेधा मॅडम आमच्या शाळेच्या ॲडमिनच्या मुख्य. मूळच्या पुण्याच्या. नवऱ्याबरोबर कॅनडाला गेल्या, पासपोर्ट हातात पडेपर्यंत थंडी काढली आणि तो मिळाल्यावर इकडे गल्फला आल्या. इथं असे ढिगानं सापडतात. काम तेच, टेबल तेच, पण पासपोर्ट बदलला की पगार बदलतो. कुणी लपवतसुद्धा नाही. इंटरव्ह्यूला पहिला प्रश्न शिक्षणाचा नसतो. "विच पासपोर्ट?" हा असतो. माझा भारतीय. तिथंच निम्मा इंटरव्ह्यू संपला होता.

पहिल्या दिवशी मॅडमनी मला केबिनमध्ये बसवून कॉफी दिली. अरे वा, आपलं माणूस भेटलं, असं मला वाटलं. मग आडनाव विचारलं. आडनावावरून अंदाज येईना, तेव्हा गाव विचारलं. गाव नांदेड जिल्ह्यातलं, त्यांना माहीत नव्हतं. मग म्हणाल्या, "आणि माहेरचं आडनाव काय?" तेही सांगितलं. मग मुलीचं नाव. यशोधरा म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर गणित सुटल्यासारखं काहीतरी झालं. "अच्छा, अच्छा," म्हणाल्या. "आमच्याकडे कॅनडात हे असलं काही कोणी विचारत नाही हं. दॅट्स द बेस्ट पार्ट." कॉफी त्या दिवशी मिळाली, पुन्हा कधी नाही.

मी बी.एड. आहे. नांदेडला सात-आठ वर्षं शाळेत शिकवलं. इथं असिस्टंट. नाकं पुसायची, टिफिन उघडून द्यायचे, चार्ट लॅमिनेट करायचे. वर्गाची खरी टीचर कॅनडातलीच लागते, कारण अभ्यासक्रम तिथल्या एका प्रांताचा. तिथलं लायसन असलेली टीचर नसेल तर शाळेची मान्यता जाते. तर आमच्या वर्गाची कॅनेडियन टीचर ऑक्टोबरमध्ये घरी गेली ती परत आलीच नाही. मॅडम म्हणाल्या, "दोन आठवडे सांभाळ गं, प्लीज." दोन आठवड्यांचा फेब्रुवारी झाला. अपूर्णांक मी शिकवले. वाचता न येणाऱ्या तिघांना मी वाचायला लावलं. पालकसभेला मात्र मला स्टोअरमध्ये बसवलं, आणि पालकांना सांगितलं की टीचर ऑनलाइन जॉइन होतेय.

मग बोलले का नाही? विचारणारा विचारतोच. अहो, माझा व्हिसा शाळेचा. यशोधराची निम्मी फी माफ, ती मी स्टाफ म्हणून. नवरा जबल अलीच्या बंदरावर वेअरहाउसला सुपरवायझर, त्याचा पगार आम्ही राहतो त्या अल मजाजच्या घरभाड्यात जातो. मी तोंड उघडलं की पोरीची शाळा बंद. ही अशी गाठ. पहाटे बसमध्ये बसायचे तेव्हा रोज ठरवायचे, आज बोलायचं. आणि शाळेचं गेट आलं की मूग गिळून आत जायचे.

त्या दिवसांत स्टाफरूम नुसती पेटलेली होती. अमेरिकेचा अध्यक्ष रोज उठून म्हणत होता की कॅनडा आमचं एकावन्नावं राज्य व्हावं. आमच्या टीचर लोकांनी फ्रिजमधला अमेरिकन ज्यूस फेकला. केचपची बाटली उलटी करून कुठं बनलीय ते वाचायचे. कुणीतरी सुट्टीवरून मेपलची बिस्किटं आणली, तर ती प्रसादासारखी वाटली. हॉकीत अमेरिकेला हरवलं तेव्हा लॅपटॉपभोवती उभं राहून मोठ्या बायका रडल्या. निवडणुकीवरून भांडायच्या, पण झेंड्याचा विषय निघाला की एक. मला ते आवडायचं, खरं सांगते. देशासाठी कुणाच्या डोळ्यांत पाणी येतं ते वाईट नसतं.

रोज सकाळी शाळेच्या स्पीकरवर एक निवेदन असतं. कॅनडा ज्या आदिवासींच्या जमिनीवर वसला, त्यांची आठवण काढून त्यांचे आभार मानतात. इथं, वाळवंटात, मल्याळी आणि पंजाबी आणि मिसरी पोरं ते पाठ म्हणतात. मीच पाठ करून घेतलेलं. मेधा मॅडम त्या वेळी डोळे मिटून उभ्या राहायच्या. माझ्या आजोबांनी गावाची मेलेली गुरं ओढली, आमची वस्ती गावाबाहेर, आणि त्या गावानं कधी आभार मानल्याचं मी ऐकलेलं नाही. 

नवी टीचर आली ती फ्लॅग डेनंतरच्या सोमवारी. मिस केली. बावीस-तेवीस वर्षांची, कुठल्यातरी छोट्या गावची, स्वभावानं गरीब. दुसऱ्याच दिवशी ती स्टाफरूममध्ये रडत होती. तिच्या वडिलांचं कामाचं ठिकाण अमेरिकेच्या टॅरिफमुळे बंद पडायला आलं होतं. ती म्हणाली, "दे टॉक अबाउट अस लाइक वी आर नॉट ईव्हन हिअर." आपण इथं नाहीच असं समजून ते आपल्याबद्दल बोलतात. सगळ्यांनी तिला जवळ घेतलं. मेधा मॅडमनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. मी कोपऱ्यात लॅमिनेशन मशीनवर उभी होते. मला वाटलं ओरडावं, अगं बायांनो, हेच तर! हेच! पण मशीन गरम झालं होतं आणि कागद अडकला होता.

त्याच आठवड्यात तपासणी होती. कॅनडातून प्रांताचे दोन इन्स्पेक्टर येणार होते. आदल्या दिवशी मॅडमनी मला बोलावलं. बसायला सांगितलं नाही.

"उद्या केली वर्ग घेईल. तू मागं बस. हेल्पर म्हणून. आणि हे बघ, मुलांना आज नीट तयार कर. टीचर कोण विचारलं तर केलीचं नाव. कधीपासून विचारलं तर सप्टेंबरपासून."

"मॅडम, मुलं लहान आहेत. खोटं कसं..."

"खोटं काय त्यात? रेकॉर्डवर तीच टीचर आहे. आणि यशोधराला वेगळं समजाव. ती तुला आई म्हणून हाक मारते ना मध्येच, ते नको. तिच्या फीची सवलत माझ्याच सहीनं असते, माहितीये ना तुला."

माहीत होतं. म्हणून तर त्या बोलत होत्या.

मी वर्गात गेले आणि मुलांना तयार केलं. मी शिकवायला चांगली आहे, त्याचाच हा तमाशा. पूर्ण वाक्यात उत्तर द्या, इन्स्पेक्टरांच्या डोळ्यांत बघा, हसा. माझी सवयच तशी. एकानं विचारलं, "बट मिस, यू आर अवर टीचर?" मी म्हटलं, "टुमॉरो, मिस केली." घरी यशोधराला पुन्हा म्हणायला लावलं. ती शहाणी मुलगी, दोनदा म्हणाली. तिच्या पप्पांनी ऐकलं आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टर आले. एक उंच म्हातारे गृहस्थ, एक बाई. मेधा मॅडम दारात. केली पुढं, फळ्याजवळ. मी मागं, मुलांच्या छोट्या खुर्चीवर, गुडघे हनुवटीला. गृहस्थ मुलांमध्ये खाली वाकले आणि हसून म्हणाले, "सो, हू टीचेस यू मॅथ?"

मुलांच्या माना मागं वळायला लागल्या. मेधा मॅडमनी खाकरून घसा साफ केला. तेवढ्यात एक हात वर गेला. माझ्या यशोधराचा.

"मिस केली इज अवर टीचर. शी टीचेस अस एव्हरी डे. सिन्स सप्टेंबर."

पूर्ण वाक्यात. डोळ्यांत बघून. हसून. एक अडखळ नाही. आणि मग ती वळून माझ्याकडे बघायला लागली. बरोबर म्हणाले ना आई, अशी.

अंगावर कुणी उकळतं पाणी ओतावं तसं झालं. मॅडमनी मला फ्रेमबाहेर काढलं ते मी गिळलं. स्टोअरमध्ये बसवलं, तेही गिळलं. पण माझ्या पोटची पोर मला वर्गातून पुसून टाकत होती, आणि ते तिला मी शिकवलं होतं, आणि शाबासकीसाठी ती माझ्याच तोंडाकडे बघत होती. आमच्या घरात किती पिढ्या लेकरांना हेच शिकवत आल्या असतील. गप बस, मागं बस, नाव सांगू नको. माझ्या आईनं मला शिकवलं. मी विमानात बसून समुद्र ओलांडून आले, आणि तेच पोरीला दिलं.

मी उठले. छोटी खुर्ची अंगाला अडकून मागं पडली.

"एक्स्क्यूज मी, सर. आय टीच देम. सिन्स ऑक्टोबर. मॅथ, इंग्लिश, एव्हरीथिंग. अँड दॅट गर्ल इज माय डॉटर. आय टोल्ड हर टू से दॅट."

मेधा मॅडम मराठीत म्हणाल्या, "अगं बाई, खाली बस." मी बसले नाही. केली कानापर्यंत लाल झाली. इन्स्पेक्टर काही दचकले-बिचकले नाहीत. "थँक यू फॉर टेलिंग अस," एवढंच म्हणाले आणि पुढच्या वर्गात गेले. मुलं टाळ्या वाजवतील असं सिनेमात होतं. इथं एका मुलानं विचारलं, "मिस, कॅन आय गो टू द वॉशरूम?"

कॉरिडॉरमध्ये केलीनं मला गाठलं. "आय ॲम सो सॉरी," म्हणाली. डोळे भरले होते. मी वाट बघितली, पुढं काही बोलेल म्हणून. मी येते मॅडमकडे तुझ्याबरोबर, असं काहीतरी. ती पुन्हा सॉरी म्हणाली आणि गेली.

केबिनमध्ये मेधा मॅडम उभ्याच होत्या.

"कळतंय का तू काय केलंस? शाळेची मान्यता जाईल. तुम्हा लोकांना संधी द्यावी, तर हे असं!"

"आम्हा लोकांना म्हणजे कुणाला, मॅडम?"

त्यांनी एसीचा रिमोट उचलून परत ठेवला. मग त्या म्हणाल्या, "असिस्टंट्सना गं. काहीही काय अर्थ काढतेस." आणि लगेच आवाज मऊ केला. "बस. बस ना. हे बघ, मी सांभाळून घेते. उद्या स्टाफ मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सॉरी म्हण. नर्व्हस होते, गोंधळ झाला म्हण. इन्स्पेक्टरांना मी तसं कळवते. तुझा जॉब राहील, यशोधराची फी तशीच. कॅनेडियन लोक मोठ्या मनाचे असतात. सॉरी म्हटलं की विषय खलास."

घरी हेच सांगितलं तर नवरा म्हणाला, "म्हणून टाक. एका शब्दानं काय झिजणार आहेस? ते लोक दिवसभर म्हणत असतात." त्याला दोष देत नाही. दिवसभर कंटेनर मोजून माणूस घरी येतो आणि त्याला शांतता हवी असते. पण मला त्याचा राग आला, खूप आला.

यशोधरा माझ्याजवळ येऊन उभी राहिली. "आई, विल आय हॅव टू लीव्ह माय स्कूल?"

"कदाचित."

"देन व्हाय डिड यू से इट? आय सेड इट करेक्टली!"

"हो गं राणी. तू बरोबर म्हणालीस. मी चुकीचं शिकवलं होतं."

ती रडली. मैत्रिणींची नावं घेऊन रडली. मी तिची समजूत घालायला गेले नाही, कारण सांगण्यासारखं गोड काही नव्हतं. जेवण मात्र भरवलं.

स्टाफ मीटिंगला मॅडमनी माझं नाव घेतलं आणि सगळ्यांनी माझ्याकडे प्रेमानं बघितलं. क्षमा करायला सगळे आधीच तयार बसले होते. मी उभी राहिले. इंग्रजीत म्हणाले की ग्रेड थ्रीला पाच महिने मी शिकवते, आणि हे सांगितल्याबद्दल मला सॉरी वाटत नाही. मग मेधा मॅडमकडे वळून मराठीत म्हणाले, "मुलांना खोटं शिकवल्याबद्दल मी मुलांची माफी मागितलीय, सकाळीच. तुमची मागणार नाही."

खाली बसले. केली टेबलाकडे बघत होती.

अजून काढलेलं नाही मला. मान्यतेचा निकाल आलेला नाही, तोवर काढणार नाहीत. मग काढतील. व्हिसा जाईल, पोरीची शाळा सुटेल, कदाचित नांदेडची गाडी धरावी लागेल. मॅडम रोज विचारतात, स्वतःहून राजीनामा देतेस का, रेकॉर्ड स्वच्छ राहील. नाही देत. काढायचं तर त्यांनी काढावं आणि का काढलं ते तोंडानं सांगावं. मला भीती वाटते, खोटं कशाला बोलू, पहाटे उठल्या उठल्या वाटते. तरी बस पकडते. वर्गात जाते, मागं बसत नाही. आणि कुणीही येऊन मुलांना विचारू दे की शिकवतं कोण, माझी मुलगी माझं नाव सांगणार. पूर्ण वाक्यात.