विमलकाकूंची कुट्टी

कुठेही फांदी तुटल्याचा आवाज आला की विमलकाकू भरल्या ताटावरून उठत. "लाइनवाले आले वाट्टे!" म्हणत हात न धुताच स्कूटी काढत. पावसाळ्याआधी तारांखालच्या फांद्या छाटणाऱ्या विजेच्या लोकांना नालवाडीत सगळ्यात जास्त चहा काकूंनीच पाजला असेल. एकदा पुतणीच्या साखरपुड्याहून परतताना त्यांना रस्त्याकडेला कडुलिंबाच्या फांद्यांचा ढीग दिसला. फांद्या ऑटोत मागे आणि काकू ड्रायव्हरशेजारी, अशी ती वरात कॉलनीत आली. रेशमी साडीचं जे व्हायचं ते झालं.

काकू कचेरीतून निवृत्त झालेल्या, माहेर हिंगणीचं. आता त्या लेकीकडे नागपूरला असतात आणि मला त्यांची फार आठवण येते. भावाने धाडलेलं, गुरांचा चारा बारीक कापायचं कडबाकुट्टीचं यंत्र त्यांच्या अंगणात होतं. दारात गाय नाही, म्हैस नाही, पण यंत्र दिवसभर खडखडत असे. काकू त्यात बारीक फांद्या सारत आणि निघालेले तुकडे कॉलनीच्या मोकळ्या जागेवर वीतभर जाड पसरत. ती जागा म्हणजे निव्वळ मुरूम. टिकाव मारला तर तोच उलटा कपाळावर यायचा.

"काकू, हा कचरा कशाला?" मी विचारलं.

"कचरा काऊन म्हंता, भाऊ? मातीले पांघरून घालून राह्यली मी. मे महिन्यात तुमी बसता का उघडे उन्हात?"

सोसायटीचे अध्यक्ष दामोदरराव यांना मात्र तिथे गट्टू, म्हणजे सिमेंटचे ठोकळे, बसवायचे होते. गट्टूंवर चिखल होत नाही आणि काही उगवतही नाही. काकूंनी बैठकीत आकाशपाताळ एक करून मुदत मिळवली. पुढच्या पोळ्यापर्यंत जमीन सुधारली नाही तर गट्टू.

पोळा आला. आमच्याकडे पोळ्याला दाराशी पळसाच्या फांद्या लावतात. दुसऱ्या दिवशी पहाटे "घेऊन जाय गे मारबत!" असं ओरडत त्या वस्तीबाहेर टाकतात. घरातली रोगराई, इडापिडा त्यांच्याबरोबर जाते. काकूंना तो आयता हिरवा ढीग दिसला आणि मोह आवरला नाही. दुपारपर्यंत अख्ख्या कॉलनीच्या इडापिडेची कुट्टी मोकळ्या जागेवर पसरली होती.

मग काय विचारता! "हाकललेली पिडा वापस आणली बाईनं!" "माहा खोकला सुरू झाला!" दामोदररावांची तर कंबरच धरली. "वहिनी, पळसाचा तुकडा न् तुकडा उचलला पाह्यजे. नाई तं उद्या गट्टूवाल्याले बोलावतो."

"तुमची कंबर दारात टांगली होती काय वो?" काकू म्हणाल्या खऱ्या, पण लगेच वाकून तुकडे वेचू लागल्या. "म्या तं हिरवं पाह्यलं न् भुलली." वर्षभराची मेहनत आता त्या तुकड्यांवर अडकली होती. काकूंना रडवेलं झालेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

काकूंच्या वेचण्यावर कोणाचा भरवसा नव्हता, म्हणून सगळेच टोपल्या घेऊन उतरले. हिरवे तुकडे शोधायला कुट्टी उपसली, तर खालचा थर काळा, भुसभुशीत. कोणीतरी किंचाळलं, "गांडूळ!" तिकडून दुसरं कोणी ओरडलं, "अथीबी हाय! दोन हायेत!" माझा हात मनगटापर्यंत आत गेला. त्या मुरमात! मी वेड्यासारखा हसत सुटलो. पळस राहिला बाजूला, सारी कॉलनी उकिडवी बसून एकमेकांना माती दाखवू लागली.

दामोदररावांनी मूठभर माती उचलली, हुंगली आणि तडक घराकडे निघाले. काकूंचा चेहरा पडला. आम्हाला वाटलं, गेले गट्टूवाल्याला फोन करायला. पण घरात त्यांची म्हातारी आई होती. तिचा सारा जन्म शेतात गेलेला आणि आता ती अंथरुणाला खिळलेली.

थोड्या वेळाने दामोदरराव परत आले. मूठ तशीच, डोळे भरलेले.

"वहिनी, मायनं माती हुंगली न् मले इचारते, कोणाचं वावर हाय हे?"

काकूंनी पदराने नाक पुसलं.

"सांगा त्यायले, तुमचंच हाय म्हना. अन् वांगे लावू का मेथी, तेवढं इचारून या."

दामोदरराव आल्या पावली पळत सुटले.