उलटं झालेलं देऊळ

सांगलीत एका आर्किटेक्टच्या ऑफिसात मी नकाशे काढायची. ऑफिसात कॉम्प्युटर एकच, आणि तो चालवता येणारी मी एकटीच. त्यामुळे माझा तोरा काही विचारू नका. सरसुद्धा माझ्या खोलीत यायचे ते चपला बाहेर काढून.

साताऱ्याकडच्या डोंगरातलं एक गाव धरणात चाललं होतं. लोकांना विट्याच्या पुढे माळावर जागा मिळाली होती, आणि गावचं महादेवाचं देऊळ दगडन्‌दगड उतरवून तिथं पुन्हा उभं करायचं होतं. सर्व्हेवाल्यांनी यंत्र लावून देवळाचा कोपरान्‌कोपरा मोजला. हजारभर बिंदू, आणि प्रत्येक बिंदूचे तीन आकडे, असं सगळं फ्लॉपीवर माझ्याकडे आलं. कॉम्प्युटरमध्ये भरलं की काळ्या पडद्यावर नुसते ठिपकेच ठिपके. त्यांतून भिंती कुठल्या, खांब कुठले, हे मी शोधून रेघा ओढायच्या.

देऊळ पूर्वेकडे तोंड करून होतं. माझ्या पडद्यावर त्याचं तोंड उत्तरेला आलं. मी मुळात घायकुती. म्हटलं, आडवं पडलंय, फिरवून टाकू. फिरवलं, आणि काय झ्याक बसलं! सरांनी सही ठोकली, देऊळ उतरवलं, पावसाळ्यात जुनी जागा पाण्याखाली गेली.

दिवाळीनंतर आम्ही माळावर गेलो तेव्हा नव्या जोत्याचं काम संपत आलं होतं. देवळाचे म्हातारे गुरव सरांना आडवे आले.

"आवं सायेब, गोमुख चुकलंय. देवाकडं तोंड करून हुबं ऱ्हायलं की अभिषेकाचं पानी उजव्या अंगानं जायाचं. तुमी डावीकडं काडलंय. आमी परदक्षिनेला डावीकडनं निघून मागनं गोमुखापातूर जातो आन्‌ तितनं माघारी फिरतो. ते काय वलांडत न्हाईत. आता पयलं पाऊल टाकलं की गोमुखच आडवं येतंय!"

सर हसले. "काका, कॉम्प्युटरनं काढलंय हे. तो चुकत नाही."

गावकऱ्यांना ठाम काही सांगता येईना. जुन्या देवळात गोमुखाकडे झुडपं माजलेली, लोक समोरूनच नमस्कार करून जायचे. गुरवांचा पुतण्या तर सगळ्यांदेखत म्हणाला, "चुलतं लय इसरत्यात हल्ली. हितनं पुढं पूजा मीच बघनार हाय." कुणी नको म्हटलं नाही. म्हाताऱ्यानं एकदा जोत्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि बाजूला जाऊन बसला.

परत येताना जीपमध्ये मला सारखं ते मी फिरवलेलं चित्र आठवत होतं. दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडल्या उघडल्या सर्व्हेचा मूळ कागद काढला. पहिल्या रकान्यावर लिहिलं होतं उत्तर, दुसऱ्यावर पूर्व. आणि कॉम्प्युटरला आधी पूर्व लागते! आकड्यांची अशी अदलाबदल झाली की चित्र नुसतं फिरत नाही, आरशातल्यासारखं उलटतं. मी फिरवून फक्त तोंड जागेवर आणलं होतं. डावं-उजवं उलटंच राहिलं होतं.

आणि तरी मी गप्प बसले. आज लिहिताना लाज वाटते, पण बसले. खांब दोन्हीकडे सारखेच, कुणाला काय कळणार, असं स्वतःला समजावत राहिले. जेवण जाईना. फोन वाजला की वाटे, माळावरूनच आला. गाभाऱ्याचे दगड रचायला लागले असतील का, हाच घोर. त्या म्हाताऱ्याला सगळे खुळ्यात काढतायत, आणि तो खरा आहे हे जगात फक्त मला ठाऊक आहे, हे काही केल्या मनातून जाईना.

तिसऱ्या दिवशी सरांपुढे कागद ठेवला आणि रडायलाच लागले. सरांनी कागदावरचे रकाने माझ्या नकाशाशी ताडून पाहिले. मग म्हणाले, "रडू नकोस. सही माझी आहे. चल, गाडी काढू."

माळावर गवंड्यांना थांबवलं. जोतं उकलावं लागणार म्हटल्यावर गावकरी भडकले, सरांना नाही नाही ते बोलले. मी तशीच गुरवांकडे गेले. ते शेडमध्ये घोंगडीवर बसले होते. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "काका, चूक माझी आहे. तुम्ही म्हणत होता तेच बरोबर."

वाटलं, चांगले झाडतील. झाडायलाच हवं होतं. पण त्यांनी माझा हात धरला.

"खरं सांगतीस न्हवं पोरी?" ते म्हणाले. "तीन दिस झालं, मी समद्यांची नावं घोकत बसलोय. ल्योकाचं, सुनंचं, नातवंडांची. म्हटलं, आता ती बी इसरतो का काय."