शिकागोची विसिरी

मांबलम स्टेशनच्या बाकावर रोज सकाळी भेटणाऱ्या त्या मामींचं नाव मी कधी विचारलंच नाही. नोकरीसाठी मी तेव्हा चेन्नईत नवीन होते आणि अमेरिकन सोल गायकांच्या मैफलींत विकल्या जाणाऱ्या जुन्या वस्तू जमवायचे. बिल्ले, टी-शर्ट, पोस्टरं. एकदा नीट पाहिलं, तर मामींच्या हातातला पुठ्ठ्याचा पंखाही तसाच निघाला. त्यावर एका गायिकेचा फिकट झालेला फोटो होता.

"हा कुठं मिळाला, मामी?"

"शिकागोत. यजमान शिकत होते तिथं," त्या तंजावरी मराठीचा हेल काढत म्हणाल्या. "गाण्यातलं अक्षर कळलं नाही. पण ती अशी गायली, मी नऊवारीत उठून नाचले. घामानं भिजले, म्हणून ही विसिरी घेतली."

"कडा झिजल्यात. मला द्या ना, काचेत जपून ठेवीन. तुम्हाला नवा पंखा आणते."

"काचेत ठेवलीस तर वारा कोण घेणार गं?"

गाडी आली. मला शेजारी बसवून गिंडीपर्यंत त्या मलाच वारा घालत राहिल्या. मध्येच ते गाणं गुणगुणू लागल्या, तेव्हा पंखा मागायचं माझ्या मनातून गेलं.