हळदीच्या आधी दुसरा भाग

त्या व्हिडिओ गेमचा पहिला भाग मी नुसता पाहिला होता. रिमोट मुलीच्या हातात आणि तोंड माझं चालू. "मागं बघ. वर बघ. मेलीस आता." दुसरा भाग मात्र मी स्वतः खेळले, आणि सरळ सांगते, तो पहिल्यापेक्षा चांगला आहे. पुष्कळ चांगला आहे.

खेळाचं मशीन मोठ्या मुलाने दुबईहून पाठवलं होतं, त्याच्या धाकट्या बहिणीसाठी. ती तेव्हा एका गोदामाच्या ऑफिसात कामाला जायची. घरी येईपर्यंत तिच्या अंगात त्राण नसायचं, म्हणून दुसऱ्या भागाच्या वेळी रिमोट माझ्याकडे आला. माझं शिक्षण चौथीपर्यंत, इंग्रजीचं अक्षर कळत नाही. पडद्यावर काही लिहून आलं की ती आडवी पडल्यापडल्या वाचून सांगायची. शेजारणी हसायच्या. हसू देत. त्यांच्या मालिकांत रोज तीच सासू तीच सून, इथे निदान माणूस कुठेतरी पोचत तरी होता.

गोष्ट साधी आहे. अंगभर लोखंडी पोशाख, डोक्यावर काचेचा टोप घातलेलं एक माणूस एकटंच परक्या ग्रहावर उतरतं. पहिल्या भागात तो ग्रह कोरडा ठणठणीत. बंद पडलेला कारखाना, गंजलेल्या शिड्या, आणि हातात एक बंदूक. तेवढंच. शिवाय दर दोन पावलांना वाचायला इतकं, की मुलगी वाचतावाचता झोपून जायची.

दुसऱ्या भागात ग्रह पाण्याचा आहे. पहिल्यांदा ते पाणी दिसलं तेव्हा मी रिमोट मांडीवर ठेवून नुसती बघत बसले. हिरवं, गढूळ, खालून उजेड येणारं. त्यात बुडालेलं अख्खं शहर. आणि बंदुकीबरोबर हातात एक आकडा दिलाय, दोरीला बांधलेला. बटण दाबलं की सुटतो, लांबच्या खांबाला अडकतो आणि आपल्याला झोक्यासारखा ओढून नेतो. तो आकडा मला इतका आवडला, की गरज नसतानाही मी या खांबावरून त्या खांबावर जात राहायची. मुलगी म्हणायची, "आये, जत्रंत आलीस का? पुढं जा ना."

शत्रू म्हणजे यंत्राच्या चिंबोऱ्या. आमचं माहेर खाडीकाठचं, खेकड्यांना आम्ही चिंबोऱ्याच म्हणतो. बनवणाऱ्याने त्या चांगल्या बनवल्या आहेत. आडव्याच पळतात, दगडाखाली शिरतात, नांगी वर धरून बघतात. भरती-ओहोटीत मात्र तो चुकला. त्याची भरती नळ सोडल्यासारखी येते. आणि चिखलात पाय रुतत नाही, म्हणजे त्याने चिखल पाहिलेला नाही.

दुसरी खोट, खेळ जपून ठेवायची सोय फक्त निळा दिवा असलेल्या खोलीत. बाकी कुठेही असलात आणि लाइट गेली, की मागच्या निळ्या दिव्यापासून पुन्हा सुरुवात. हे भिवंडीत चालणारं काम नव्हे. त्या वर्षांत रोज लाइट जायची आणि परत येताना असा झटका देऊन यायची की आमचा एक टीव्ही आणि फ्रिज त्यातच जळाला. म्हणून घरात एक नियम होता. मागच्या गल्लीतल्या लूमची, म्हणजे कापडाच्या मागांची, लाइन आमच्या जरा आधी जायची. आमच्या कामतघरात लूमचा खडखडाट कानाला ऐकूच येत नाही, इतका सवयीचा. थांबला की मात्र ऐकू येतो. तो थांबला, की जो कोणी बोर्डाजवळ असेल त्याने उठून मेन स्विच बंद करायचा. विचारायचं नाही, बघायचं नाही. मी खेळत असले तर तो हात स्विचपर्यंत पोचेपर्यंत निळ्या दिव्याकडे पळायची. नियम माझाच होता.

मग मुलीचं लग्न ठरलं, खारबावला. मशीन तिच्याबरोबर जाणार होतं. जायलाच हवं, भावाने तिला दिलेलं. पण मला शेवट बघायचा होता. पहिल्या भागाचा शेवट तिने मी बाजारात गेले असताना बघून टाकला होता, ते मी विसरले नव्हते. हळद आली की घरात पाय ठेवायला जागा राहणार नाही, टीव्ही उचलून कोपऱ्यात जाईल. म्हणजे जे काय करायचं ते हळदीच्या आधी.

हळदीच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, मी शेवटच्या दारापाशी पोचले. घरात लग्नाचे तांदूळ निवडणं चाललं होतं. सून दाराशी, मीटरच्या बोर्डाखाली सूप घेऊन बसलेली. नणंद अंबाडीहून आलेली, माझ्याहून मोठी, जिभेने तर फारच मोठी. मुलीने त्या दिवसापासून सुट्टी घेतली होती.

नणंद म्हणाली, "वयनी, पोरीचं लगीन हाय आन तू टीवीत गोल्या झाडतंस?"

"तांदूळ निवडा ताय. खडा राहिला तर व्याही दात मोजायला बसेल."

"त्यो टोपवाला बाप्या हाय का बाय?"

"टोप काढीत न्हाय तो. काय असंल ते असंल."

दार उघडलं आणि आतून मोठी चिंबोरी निघाली. घराएवढी. एक नांगी लहान, एक अशी की पडद्यात मावत नव्हती. ती नांगी आपटायची, मी आकडा टाकून खांबावर, तिथून गोळ्या तिच्या तोंडावर. ती पाणी फुंकायची, मी दुसऱ्या खांबावर. तांदूळ निवडणारे हात केव्हाच थांबले होते. मुलगी ओरडत होती, "आये, उडी मार! उडी!" सूनही ओरडत होती. चिंबोरीच्या जीवाची लाल पट्टी वर दिसते, ती कमी होत होत नखाएवढी उरली.

आणि लूम थांबले.

मी ते ऐकलंसुद्धा नाही. सुनेने ऐकलं. ओरडताओरडताच ती उठली, हात वर केला आणि मेन स्विच खाली ओढला. पडदा काळा.

बाहेर समोरच्या दुकानात रेडिओ वाजत होता. लाइट गेलेलीच नव्हती. शुक्रवारची नमाज होती, मागचा मालक त्या वेळेला लूम बंद ठेवतो. इतकी वर्षं त्या गल्लीला पाठ लावून राहतोय, आणि ऐन वेळी एकीच्याही लक्षात आलं नाही.

"आई," सून म्हणाली, हात अजून स्विचवरच. "माझा हातच गेला वो."

मला तिला काय काय बोलावंसं वाटलं. पण नियम माझा होता आणि तिने तो पाळला होता. मी म्हटलं, "लाव परत. आणि आता तिथून लांब बस."

पुन्हा निळा दिवा, पुन्हा ते दार, पुन्हा ती चिंबोरी. या वेळी माझा हात चालेना. दोनदा नांगीखाली सापडले, माझीच पट्टी अर्ध्यावर आली. लूम पुन्हा सुरू झाले, आता ते थांबले तर खरीच लाइट जाणार होती. मुलगी नखं खात होती.

तेवढ्यात नणंद चिडून म्हणाली, "काय गो, तोंडाशी काय मरतंस? चिंबोरी कदी तोंडाकरना धरतान का? मागना जा ना! आयशीने शिकवला न्हाय का?"

आकडा मी सगळीकडे टाकला होता, चिंबोरीवर कधी टाकलाच नव्हता. मी वाट पाहिली. तिने नांगी आपटली, ती वर घ्यायच्या आत मी आकडा सरळ तिच्या पाठीवर फेकला. अडकला! दोरीने मला ओढून तिच्या पाठीवर नेऊन ठेवलं. तिथे नांगी पोचतच नाही. पाठीवर एक झाकण होतं, उघडंच. मी बटण दाबून धरलं आणि सोडलंच नाही.

चिंबोरी फुटली तेव्हा नणंदेने आपलं सूप वाजवलं. तांदूळ घरभर उडाले. "मारली! मारली गो!" मी उठून उभी राहिले होते, केव्हा ते ठाऊक नाही. एरवी गुडघेदुखीवाली मी.

शेवट छोटा आहे. पाणी उतरतं, शहर उघडं पडतं, ते माणूस यानात चढतं आणि दार लागतं. मागे वळून बघत नाही. खाली काही लिहून आलं.

"काय म्हणतो?" मी विचारलं.

मुलीने वाचलं. "म्हणतो, इथलं काम झालं."

"बरोबर आहे. उगीच रडत बसत नाही," मी म्हटलं. "आता केरसुणी आण. तांदूळ गोळा करायचेत."

लग्न चांगलं झालं. निघताना सगळ्या रडत होत्या. मी टेम्पोपाशी होते, कारण तो ड्रायव्हर मशीनच्या खोक्यावर कपाट ठेवायला निघाला होता.

महिन्याभरात खारबावहून फोन आला. मुलगी होती, पण बोलायचं होतं जावयाला. बिचारा आढेवेढे घेत म्हणाला, "आई, ती शेवटची चिंबोरी मरत नाही. हिला विचारलं तर म्हणते, आईलाच विचारा."

"तोंडावर मारताय ना?"

"हो."

"तिला द्या फोन," मी म्हटलं. मुलगी आली तेव्हा तिला सांगितलं, "अजून आठवडाभर सांगू नको. मारू दे त्याला तोंडावर."