रॅपरवर घातलेलं नाव

गिरणी बंद पडल्यावर दीप्ती पेडणेकरचे वडील धोंडू पेडणेकर भांडुपला एका भांड्यांच्या दुकानाबाहेर बसून भांड्यांवर नावं घालायचे. लग्नाचे हंडे, बारशाच्या वाट्या, रुखवताचे डबे. भांडं शेजारी जातं, नाव नसेल तर तिथलंच होऊन राहतं, असं ते म्हणत. लेकीनं हे इतकं मनावर घेतलं की मरोळच्या आमच्या ऑफिसात तिच्या खुर्चीवरसुद्धा तिचं नाव आहे. मी त्यावरून तिची पुष्कळ चेष्टा केली आहे. आता करत नाही.

आम्ही दोघं एका हॉस्पिटलची वेबसाइट सांभाळायचो. पानावरचा एकेक तुकडा, म्हणजे रक्तपेढीचा नंबर, डायलिसिसच्या वेळा, ॲम्ब्युलन्स, याला आम्ही विजेट म्हणतो. तातडीच्या प्रत्येक विजेटभोवती लाल चौकट लागायची आणि ती दर वेळी नव्यानं आखावी लागे. कुठे जाड, कुठे बारीक, कुठे विसरलेलीच. हॉस्पिटलनं रंग बदला म्हटलं की दोन दिवस गाढवमेहनत. दीप्तीनं सुचवलं, चौकट एकदाच करून साठवून ठेवू, तिला रॅपर म्हणू आणि हव्या त्या विजेटला तेच चढवू. रॅपरमध्ये बदल केला की सगळीकडे आपोआप होईल. आमचे साहेब देवेश यांना नवं काही सोसत नाही, तरी त्यांनी होकार दिला. बिघडलं तर जबाबदारी तुझी, असं बजावून. आम्ही दोघंही कंत्राटावर होतो आणि शनिवारी दोघांपैकी एकालाच कायम करणार होते, याचीही त्यांनी आठवण करून दिली. दीप्तीच्या वडिलांची नजर आता गेली आहे, घर तिच्या एकटीवर चालतं. हे मला माहीत होतं.

दीप्तीनं रॅपर केलं आणि त्याच्या टिपेच्या रकान्यात नाव घातलं: दीप्ती पेडणेकर, भांडुप. खाली यादी. रॅपर कुठल्या विजेटला चढवलं आणि कोणी चढवलं, अशा तेवीस ओळी. मला म्हणाली, तू वापरलंस तर एक ओळ वाढव. मी हो म्हणालो. असलं हो मी दिवसातून दहा वेळा म्हणतो.

सोमवारी मी घाईघाईत लसीकरण शिबिराच्या जाहिरातीचं विजेट टाकलं आणि त्याला दीप्तीचंच रॅपर चढवलं. ओळ वाढवायची विसरलो. शिबिर बुधवारी संपणार होतं, म्हणून बुधवारनंतर लपव अशी सूचना दिली. ती जाहिरातीला द्यायची होती. मी दिली रॅपरला, म्हणजे ते चढवलेल्या सगळ्याच विजेटांना.

गुरुवारी सकाळी हॉस्पिटलचा फोन आला. रक्तपेढीचा नंबर पानावर नाही. ॲम्ब्युलन्सचा नाही. डायलिसिसच्या वेळा बदलल्या होत्या, त्याही नाहीत, त्यामुळे मुलुंडहून आलेला एक पेशंट दोन तास खोळंबलाय. चोवीसच्या चोवीस विजेटं एका फटक्यात नाहीशी झाली होती. काय झालं ते मला पहिल्या मिनिटाला कळलं होतं, आणि मी मान खाली घालून स्क्रीनकडे बघत राहिलो.

देवेश दीप्तीच्या मागे येऊन उभे राहिले. तिनं रॅपर उघडलं, ती सूचना शोधली, काढली. मग यादी पुढ्यात घेऊन एकेक विजेट परत आलं की नाही ते बघत गेली. फोन पुन्हा वाजत होता, कोणी उचलत नव्हतं. तेवीस झाली. यादीत नसलेलं चोविसावं तिला पानावर दिसलं आणि तिचा हात थांबला. शिबिराचं काम माझ्याकडे होतं, हे तिला ठाऊक होतं. तिनं माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही.

देवेशनी विचारलं, हे कोणी केलं? आमच्या सिस्टिममध्ये कोणी काय बदललं याची नोंद राहते, पण आम्ही सगळे एकाच लॉगिननं शिरतो. पासवर्ड भिंतीवर चिकटवलेला आहे. नोंदीचा उपयोग शून्य.

"रॅपरवर नाव माझं आहे," दीप्ती म्हणाली.

"मग शनिवारचं काय ते समजून जा."

ते केबिनमध्ये गेले. मला काय वाटलं ते खरं सांगतो. सुटलो, असं वाटलं.

जेवताना तिनं रोजच्यासारखी वालाची उसळ माझ्या डब्याच्या झाकणात वाढली. ती दोन शब्द बोलली असती तर मी तावातावानं भांडलो असतो, ते मला जमतं. तिनं जेवण संपवलं आणि डबा धुवायला गेली.

जागेवर येऊन मी रॅपर उघडलं. यादीत चोविसावी ओळ आली होती. लसीकरण शिबिर. चढवणारा: आणि पुढे कोरी जागा. तिनं माझं नाव घातलं नव्हतं आणि ओळही गाळली नव्हती. मला स्वतःची लाज वाटली. मी लिहिलं, हर्षद सावर्डेकर, लपवायची सूचना मीच रॅपरला दिली. लॅपटॉप तसाच उचलून केबिनमध्ये गेलो.

देवेशनी ओळ दोनदा वाचली. "दीप्तीला माहीत होतं?"

"सकाळपासून."

शनिवारी तिला कायम केल्याचं पत्र मिळालं. माझं कंत्राट महिनाअखेरीस संपतंय. पत्र हातात घेऊन ती माझ्या टेबलाशी आली, मला वाटलं आभार मानेल. तिनं वाकून माझी ओळ वाचली.

"गाव राहिलं रे तुझं," म्हणाली. "माझ्या नावापुढे भांडुप आहे ना?"

मी घाटकोपर टाइप केलं. डोळे भरून आले होते, त्यामुळे दोनदा चुकलो.